बाबाले कोंडू नको

बंगलोर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

रंजीताबाई,

नाई, नाई अन् नाई. इथी माझी कोणी बाई नाई. गोरीही नाई, काळीही नाई. तू फोनवर तेच तेच म्हणते, मग रडते, मग मी फोन कापतो, मग तू इसरूभाऊजीच्या फोनवरून लावते अन् पुन्हा तेच. म्हणून आज कागद घेतला. कागदावर तुले मधात बोलता येणार नाई, अन् मलेही कापता येणार नाई.

करिश्माच्या घरचे आपल्या आंगणात येऊन बसले, तू कोंबडा कापला, अन् मी फोनवर नाई म्हणून टाकलं. कबूल. पण खरं सांगू, माझ्या नाईपेक्षा तुले त्या कोंबड्याचंच दुःख जास्त दिसते. करिश्मा वाईट आहे असं मी कधी म्हटलं काय? मागच्या वर्षी गोटूलासमोर ती पोरींच्या ओळीत नाचून राह्यली होती तवा मी तिच्याकडंच पाहून ढोल वाजवला अन् ताल चुकला, सारं गाव हासलं. तूही हासली. मग माझ्या मनात काय आहे ते तुले ठाऊक आहे ना? मग काऊन भांडते?

तिच्यात काही कमी नाई. कमी कुठी आहे ते पुढं सांगतो. सांगतो की नाई, ते मलेही अजून ठाऊक नाई.

रीतीचं राह्यलंच. सेवा जोहार. तू, भाऊजी, बाबा सारे सुखरूप असाल असं समजतो. मी बरा आहे. जेवण भेटते. इथला भात मऊ, पण पोटात टिकत नाई, दुपारपर्यंत पुन्हा भूक. पाऊस नाई, थंडीही नाई, नुसतं धुकं पडते सकाळी.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते. भाऊजी सांगत होते ते खरं काय? गावानं ठरवलं म्हणे, मोह पडाले लागायच्या आधी इतवारीबाबाले शेतातल्या झोपडीत ठेवा, दाराले कुलूप लावा, फुलं सरली की सोडा. नाई तर तुमच्या घराचं पाणी-विस्तव बंद. अन् तू पाटलाले म्हटलं, "विचार करून सांगते." विचार कराले त्यात आहे काय, बाई? तो आपला बाप आहे. बैल नाई.

बाकी सारं मी इकडचं तिकडचं लिहीन, पण हे पत्र त्या कुलपासाठी आहे हे ध्यानात ठेव.

तुझी बाजू मले दिसत नाई असं नाई. सकाळी तू टोपली घेऊन आपल्या झाडाखाली जाते अन् बाबा कुठी आहे? मंगरूच्या झाडाखाली. बसून फुलं तोंडात कोंबून राह्यला. मंगरूची बायको ओरडते, "आला पाहा मोहचोर! रात्रभर पिते अन् सकाळी फुकटचं खाते!" अन् बाबा लाजत नाई, तिच्याकडं पाहून हासतो अन् तिच्याच टोपलीत हात घालतो. तू मान खाली घालून त्याले ओढत आणते. मले सारं दिसते. आपल्या घराले कडी नाई, पण मोहाच्या झाडाले मालक आहे. ज्याचं झाड त्याची फुलं, वाऱ्यानं उडून दुसऱ्याच्या हद्दीत पडली तरी त्याचीच. हे आपल्याले बाबानंच शिकवलं. तू लहानपणी मंगरूच्या बापाच्या झाडाखालची ओंजळभर फुलं आणली होती, तवा बाबानं तुझा हात धरून तुले परत नेलं अन् एक एक फूल झाडाखाली ठेवाले लावलं. तू रस्ताभर रडत आली. तोच बाबा आहे हा.

अन् तो पीत नाई. हे तुले ठाऊक आहे, मले ठाऊक आहे, गावाले पटत नाई. त्यानं कधीचीच सोडली दारू. त्याले फक्त गोड पायजे. गूळ, साखर, बिस्कुट, अन् मोहाच्या दिवसात मोह.

मी इथी काय करतो ते तुले नीट कधी सांगतलं नाई. तू लोकायले सांगते, सुनिल कंपनीत आहे. मी उंच इमारतीच्या काचा पुसतो. वरतून दोर बांधलेला, खाली मी लटकलेला, हातात पाण्याची बादली अन् रबराची पट्टी. मिरची तोडाले गेलो तिथी जीव लागला नाई, टाइल्सच्या कारखान्यात धुळीनं खोकला धरला, तिथूनही पळालो. तू म्हणते माझ्या पायाले भिंगरी आहे. इथी मात्र टिकलो. काऊन की पाय जमिनीवरच नाई. मुकादम म्हणतो, हा जंगलवाला पोट्टा दोरावर झोपू शकते. तो थट्टा करतो, पण खरंच मी झोपल्यासारखा होतो. सकाळी धुक्यात खालचा रस्ता दिसत नाई, वरचं आभाळ दिसत नाई. पट्टी फिरवली की काचेवरून पाणी उतरते अन् मांगून माझंच तोंड येते. कधी कधी ते तोंड माझं नसते. बाबाचं असते. हासून राह्यलेलं. मग मले आवाज येते, टप, टप, पहाटे मोह पडते तसा. खाली पाह्यलं तर धुक्यात पिवळं-पिवळं काही तरी पसरलेलं. मी हात पसरतो अन् दोर हलतो अन् जोडीदार ओरडतो, "ए! मरायचं आहे काय?"

माझी काळजी करू नको. दोन दोर असतात. एक तुटला तर दुसरा.

दिवाळीनंतर भाऊजी बाबाले माझ्याकडं सोडून गेले अन् डिसेंबरात परत घेऊन गेले, ते दिवस तुले नीट ठाऊक नाईत. तू फक्त विचारलं, त्रास दिला काय? दिला. पहिल्याच दिवशी टपरीवर एका साहेबाच्या हातातला चहा घेतला अन् पिऊन टाकला. साहेब पाहतच राह्यला. एका लेकराच्या हातातला लाडू घेतला, तिची माय माझ्यावर धावून आली. मी हात जोडत फिरलो. पण मग एक गोठ माझ्या ध्यानात आली. बाबा रोज एकाच वाटेनं जातो. खोली, टपरी, देवळामागची बेकरी, पुन्हा खोली. एक पाऊल इकडं-तिकडं नाई. बेकरीवाल्या म्हाताऱ्यानं ते ओळखलं. तो रोज सकाळी गोड बनाचा तुकडा काढून ठेवाले लागला. बाबा गेला की म्हणे, "बा अण्णा, बा," म्हणजे या म्हणतो त्यायच्या भाषेत. बाबा तुकडा खाऊन परत येई. मग दिवसभर कोणाच्या हाताले हात लावत नव्हता. बसून राहे. मी कामावरून आलो की माझ्याकडं पाही, पण कसा आहे, जेवला काय, असं काही नाई. जसा मी भिंत आहे.

अन् वाट विसरत नाई, बाई. म्हणूनच कोणाले बिमारी वाटत नाई. आपल्या जंगलातली कोणती वाट कोणत्या नाल्याले जाते ते आजही त्याले विचार. सारं सांगतो. वेडा माणूस असं सांगेन काय? म्हणून गाव म्हणते, हा वेडा नाई, हरामी आहे.

मोठ्या दवाखान्यात त्याले मशीनमधी झोपवून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला. डोक्याचा पुढचा भाग अन् कानाजवळचा भाग सुकून गेला आहे. मागचा चांगला. डॉक्टर म्हणे, आठवण मागं आहे, ती शाबूत आहे. पुढं काय असते? लाज. दुसऱ्याचं दुःख कळणं. हे आपलं, हे त्याचं, हे समजणं. पुरे झालं, थांब, असं स्वतःले सांगणं. ते सुकलं.

मले तवाच माय आठवली. मयतीच्या दिवशी माय आंगणात झाकून ठेवलेली अन् बाबा हासला. मोठ्यानं हासला अन् तुले म्हणे, "गूळ दे." तू त्या दिवसापासून त्याच्याशी सरळ बोलली नाई. भाकर पुढं ठेवते, पण तोंडाकडं पाहत नाई. मी तुले दोष देत नाई. मीही तवा त्याच्या आंगावर धावलो होतो, भाऊजीनं धरलं. पण बाई, तो मायवर हासला नव्हता. त्याले तिथी रडाची जागाच राह्यली नव्हती. तवापासूनच सुकून राह्यलं होतं अन् आपल्याले दिसलं नाई.

दवाखान्यात एक नंदिनी म्याडम आहेत. बेळगावकडच्या, मराठी बोलतात, आपल्यापेक्षा वेगळी पण समजते. घराण्यातून येणाऱ्या बिमाऱ्या समजावून सांगणं त्यायचं काम. त्यायनं मले आपल्या घरच्यायचं विचारलं अन् कागदावर झाड काढलं. माणसाचा चौकोन, बाईचा गोल, मेलेल्यावर तिरपी रेघ. आज्याचा चौकोन काढला. विचारलं, "आजोबा कशानं गेले?"

मी म्हटलं, "ते चोर होते."

म्याडमनं हात थांबवला. "म्हणजे?"

मी सांगतलं. म्हातारपणी लोकायच्या घरात घुसून गूळ खात, मध खात, दुसऱ्याच्या झाडाखाली बसत, बायांसमोर काहीही बोलत. गावानं त्यायले शेतातल्या झोपडीत ठेवलं. तिथीच गेले. म्याडमनं चौकोन काळा केला. मग बाबाचा चौकोन काळा केला. मग विचारलं, "वडिलांचे भाऊ-बहीण?" मी कमलाआत्याचं सांगतलं. आत्या तर शहाणी होती, मरेपर्यंत शहाणी. तिचे हात सुकले, पाय सुकले, मग घास उतरेना, बोलता येईना, फक्त डोळे बोलत. आपण म्हटलं, कोणी करणी केली. म्याडमनं तो गोलही काळा केला.

मी म्हटलं, "म्याडम, आत्याचं वेगळं होतं. तिचं डोकं चांगलं होतं."

म्याडम म्हणे, "वेगळं नाही, सुनिल. मूळ एकच. कोणाच्या डोक्यात उतरते, कोणाच्या हातापायात, कोणाच्या दोन्हीकडे."

आता तुले म्याडमनं सांगतलेलं माझ्या भाषेत सांगतो. चुकलं तर चूक माझी, त्यायची नाई. आपलं आंग लहान-लहान पेशीचं बनलं आहे, डोळ्यानं दिसत नाई इतक्या लहान. प्रत्येक पेशीच्या मधात एक घर. त्या घरात लांबच लांब लिहिलेलं आहे, नाक कसं, केस कसे, रक्त कसं बनवायचं. एक प्रत मायकडून, एक बापाकडून. अन् सारं लिहिणं चारच अक्षरात. मले आश्रमशाळेत चौथीपर्यंत पुरी बाराखडी आली नाई, अन् तिथी चार अक्षरात माणूस उभा केला! त्या लिहिण्यात एका जागी सहा अक्षरं आहेत. तुझ्यात, भाऊजीत, मंगरूच्या बायकोत, साऱ्यायच्यात आहेत. चांगल्या माणसात ती सहा अक्षरं थोड्या वेळा येतात अन् लिहिणं पुढं सरकते. बाबाचं रक्त तपासलं तर त्याच्यात ती सहाच अक्षरं पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा. नवीन पोट्ट्याच्या हाताले ढोलाचा एकच बोल बसते अन् नाचणारे थांबले तरी तो तेच वाजवत राहतो, तसं. त्या जागेले नावही गाडीच्या नंबरासारखं आहे, शेवटी बहात्तर येते इतकंच ध्यानात राह्यलं.

मग काय होते? पेशी त्या लिहिण्याची नक्कल काढते अन् त्या नकलेवरून काम करते. ही नक्कल गुंता होऊन घरातच पडून राहते. कुत्र्याच्या आंगाले गोखरू चिकटतात तसे चांगले कामाचे प्रोटीन तिले चिकटून अडकतात. काही नकला बाहेर येतात, त्यावरून भलतेच प्रोटीन बनतात, कोणाच्या कामाचे नाई, नुसते साचतात. अन् त्या लिहिण्यातून जे खरं काम निघायचं, तेही कमी पडते. सगळ्यात वाईट एक. त्या घराचं राखणदार समज असं एक प्रोटीन आहे. नकला नीट निघाल्या काय, हे पाहणं त्याचं काम. ते घर सोडून बाहेर येते अन् आंगणात गोळा होऊन बसते. आत जात नाई. आत राखणदार नाई अन् बाहेर त्याचाच ढीग. मग ती पेशी मरते. मग शेजारची. बिमारी डोळ्यानं दिसाच्या आधी कितीतरी वर्षं हे आत चालू असते म्हणे.

मी म्हटलं, "म्याडम, आमचा बाबाही दिवसभर आंगणात बसतो. आत ये म्हटलं तरी येत नाई." त्या हासल्या नाई. म्हणे, "कोणी हाका मारतं का त्यांना?"

मी म्हटलं, बहीण मारते. बाई, खरं सांग, मारते ना?

मी विचारलं, ती जास्तीची अक्षरं पुसून टाका ना, मी काचा पुसतो तशी. म्याडम म्हणे, ते पुसायचंच शोधून राह्यले मोठमोठे लोक, पण अजून हात तिथपर्यंत पोहोचला नाई. आता औषध नाई. फक्त सांभाळणं आहे.

तू म्हणत होती, आज्याचा जीव बाबाच्या आंगात आला आहे, त्याले कोंबडं द्या, शांत करा. मी तुझ्यावर ओरडलो होतो, अडाणी म्हटलं होतं. आता पाहा, म्याडमनंही तेच सांगतलं. आज्याचंच बाबात आलं. फक्त रागावून नाई आलं. आज्याले स्वतःलेही ठाऊक नव्हतं आपण काय देऊन राह्यलो. अन् आज्या चोर नव्हता, बाई. आपण लहान होतो, त्याच्या झोपडीवर गोटे मारून पळणाऱ्या पोट्ट्यायत आपणही होतो. तो आतून गूळ मागे.

इथपर्यंत लिहून मी बाहेर फिरून आलो. टपरीवर चहा घेतला. बेकरीवाल्यानं विचारलं, अण्णा कुठी? मी वर हात केला, त्याले वाटलं मेला, त्याचं तोंड उतरलं. मग मी जंगल, जंगल, गाव, असं करून दाखवलं तवा हासला. एक बन फुकट दिला. तो समोर ठेवून लिहून राह्यलो.

लेकराले दोन प्रतीतली एकच भेटते. बापाकडं एक चांगली, एक बिघडलेली. कोणती आली ते जन्मताच ठरते, पण दिसत नाई. आज्याकडून बाबाले बिघडलेली आली, आत्याले आली. बाबाकडून तुले अन् मले. दोघायले येऊ शकते, एकाले येऊ शकते, कोणालेच नाईही येऊ शकत.

डिसेंबरात मीही रक्त दिलं.

म्याडमनं आधी लय थांबवलं. म्हणे, कळून करायचं काय, औषध तर नाही, न कळता जगणं हाही एक मार्ग आहे, विचार कर, घरी बोल. मी म्हटलं, "म्याडम, एका पोरीच्या घरचे आमच्याकडं कोंबडा खाले येणार आहेत. त्यायले काय सांगू?" मग त्यायनं सहीचा कागद पुढं केला. निकाल ऐकाले येशील तवा सोबत कोणाले आण, म्हटलं त्यायनं. मी म्हटलं, आणीन. त्या दिवशी विचारलं, कोण आहे सोबत? मी म्हटलं, जोडीदार खाली उभा आहे. खाली कोणी नव्हतं. तुले आणाले पायजे होतं, पण तू येतीस तर बाबाजवळ कोण राहतं?

त्यायच्या खोलीची काच बाहेरून मळकी होती, बाई. पावसाचे डाग, कबुतराची घाण. मी त्या काचेकडंच पाहून राह्यलो होतो. म्याडम हळूहळू बोलून राह्यल्या होत्या, मधात पाणी दिलं, मी प्यालो. मले वाटलं दोर लावून बाहेरून उतरावं अन् ही एक काच पुसून द्यावी, पैसे घ्यायचे नाई. म्याडमनं विचारलं, "सुनिल, ऐकतो आहेस ना?" मी म्हटलं, "हो, ऐकलं."

माझ्यात तीच प्रत आली आहे.

आज काही नाई. आज मी तगडा आहे, दोरावर मजेत आहे, लोकायची लाज वाटते, कोणी रडलं तर पोटात तुटते. म्याडम म्हणे, कधी सुरू होईल सांगता येत नाही. बाबाच्या वयात, त्याच्या आधी, नाई तर लय उशिरा. एखाद्याले येतही नाई, पण भरवसा ठेवाले नको. डोक्यात येईन की आत्यासारखं हातात, तेही ठाऊक नाई. आजकाल दोर बांधताना मी माझ्या बोटाकडं पाहतो. गाठ पक्की बसते. पक्की बसली की बरं वाटते.

तुझं काय, ते मी विचारणार नाई. तुले रक्त द्यावं वाटलं तर म्याडमचा नंबर भाऊजीले पाठवतो, नाई वाटलं तर देऊ नको. तुझं तू ठरव. कोणी जबरदस्ती केली तर माझं नाव सांग, मी भांडतो. तुले ठाऊक आहे मले तेवढं येते.

करिश्माले काय सांगायचं ते मले सुचत नाई. खरं सांगतलं तर ती हट्टी आहे, म्हणेन चालते. मग? तिनं तरुणपणी माझ्यामांगं धावावं काय, लोकायच्या टोपलीतून माझे हात ओढत? म्हणून सध्या तिथी पोट्टी ठेवली आहे असंच सांग. तूच तर म्हणत होती, आता लोकायलेही म्हण. ती मले दोन शिव्या देईन अन् चांगल्या घरी जाईन. पण तिले माझ्याकडून वाईट बोलू नको. इतकंच.

आता कुलपाचं. पाटलाले अन् गावाले तू काय सांगशील ते ऐक. गोटूलात बैठक बसेन तवा आंगणातल्या मातीवर म्याडमसारखं झाड काढ. आज्याचा चौकोन, आत्याचा गोल, बाबाचा चौकोन. कोळशानं काळे कर. मग म्हण, आमच्या आज्याले तुम्ही चोर म्हणून कोंडलं, तो चोर नव्हता. आत्याले करणी झाली म्हटलं, करणी नव्हती. हा तिसरा आहे. कोणी विचारलं, पुढं कोण? तर माझा चौकोन काढ अन् त्यालेही काळं कर. लाजू नको. सुनिलनं सांगतलं म्हण. म्हण, तुम्ही आज बाबाच्या दाराले कुलूप लावाल तर तेच कुलूप जपून ठेवा, उद्या माझ्या भावाले लागेन. मग पाहू कोण किल्ली हातात घेते. मंगरू माझ्यासोबत ढोल वाजवतो. तो तोंड वर करून हो म्हणते काय, मले पाहायचं आहे.

अन् तू, बाई. उद्या मी तुझ्या मयतीत हासलो, गूळ मागितला, तर तुझ्या पोटातलं कोणी माझ्याकडं पाठ फिरवेन काय? तुले तवा कळणार नाई. म्हणून आताच सांगून ठेवतो, मी हासलो तर तो मी हासलेला समजू नको. अन् बाबाचंही तसंच समज. एकदा त्याच्या तोंडाकडं पाहून भाकर दे. त्याले फरक पडणार नाई कदाचित. तुले पडेन.

आता काम. डॉक्टर म्हणे, याची वाट मोडू नका, वळवा. बाबा मंगरूच्या झाडाखाली काऊन जातो? तिथी सगळ्यात आधी फुलं पडतात अन् ते वाटेवर आहे, त्याले ती वाट लागली आहे. तर आतापासूनच लाव दुसरी. मोह पडाले अजून वेळ आहे. भाऊजीले म्हण, रोज पहाटे बाबाले मागच्या बांधावरून आपल्या चार झाडाकडं नेत जा. वाटेत थांबू नका, बोलू नका, फक्त रोज एकच वाट. झाडाखाली गुळाचा खडा ठेवा. बाबा तिथी बसेन. बेकरीवाल्याकडं बसाले लागला, तर आपल्या झाडाखाली काऊन बसणार नाई? मोह पडाले लागेल तवा त्याची वाट पक्की झाली असेन. भाऊजीले सांग, हे माझ्याकडून मागणं आहे. लमसेना म्हणून, घरजावई होऊन राबाले, आपल्या घरी आले तवा त्यायनं बाबाच्या हाताखाली नांगर धरला होता, त्यायले बाबाची माया आहे. मले ठाऊक आहे.

अन् त्या चार झाडाखालची फुलं तू यंदा वेचू नको. एकही नाई. झाडाखालची जागा मात्र साफ झाडून ठेव, दरवर्षीसारखी, खडा-काटा राहू देऊ नको. फुलं पडतील तशी पडू दे. बाबाले त्यातच बसू दे. खाऊ दे, सांडू दे, तुडवू दे. कोणी म्हटलं नुकसान होऊन राह्यलं, तर म्हण, आमचंच झाड आहे, आमचंच फूल. पोट बिघडेन म्हणून सोबत बस, अन् उन्हं आली की हाक मारून घरी आण. हाक मार, बाई. त्यानं वळून पाह्यलं नाई तरी मार.

मले कधी कधी दोरावर डुलकी लागते तवा तेच दिसते. पहाट, चार झाडं, खाली सारं पिवळं, बाबा मधात बसलेला अन् कोणी त्याच्यावर ओरडून राह्यलं नाई. मी दूरून येऊन राह्यलो. जवळ आलो की कळत नाई तो बसला आहे की मी.

मोह विकूनच तुझा पावसाळा निघते, बी-बियाणं त्यातूनच येते, हे मी विसरलो नाई. म्हणून लग्नासाठी जे पैसे बाजूले ठेवले होते ते भाऊजीच्या खात्यात टाकून राह्यलो. करिश्माचे समजू नको, माझे समजू नको, यंदाच्या अन् पुढच्या अन् त्याच्याही पुढच्या मोहाचे समज. बाबा जितके वर्षं झाडाखाली बसेन तितक्या वर्षांचे. सरले की सांग, अजून पाठवतो, हात चालून राह्यले तोवर.

तुझा, आज तरी सारं समजणारा, भाऊ
सुनिल

एकेचाळीस हजार रुपये.